सोडणे आणि देणे

इंग्रजी शिकविण्यात माझ्या आयुष्याची चौतीस वर्षे गेली. त्या काळात 'गिव्ह अप' हे जोडक्रियापद मी बेळगावच्या शाळेत किती वेळा फळ्यावर लिहिले असेल, याची गणती नाही. अर्थ सांगावयाचा, वाक्यात उपयोग करून दाखवावयाचा आणि मुलांकडून वहीत पाच वाक्ये लिहवून घ्यावयाची, असा ठराविक क्रम असे. दोन चिमुकल्या शब्दांची ही जोडी मला एके दिवशी निरुत्तर करील, असे तेव्हा स्वप्नातही आले नसते. पण तसे झाले खरे.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्हा सर्वांची आक्का, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी रुग्णालयात होती. फुप्फुसे थकली होती, मूत्रपिंडांनी काम आवरते घेतले होते. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी आम्हाला बाजूला बसवून शांतपणे सांगितले की, कृत्रिम श्वासाचे यंत्र लावले तर श्वास लांबेल. परंतु माणूस परत येईल, असे वाटत नाही. निर्णय घरच्यांनी घ्यावयाचा होता. आक्काचा एकुलता मुलगा परदेशी. त्याला मी फोनवर सर्व हकीकत सांगितली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग लहानपणापासून इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्या मुलाच्या तोंडून, भावनेच्या भरात, इंग्रजीच वाक्य बाहेर पडले: 'मामा, आर वी गिव्हिंग अप ऑन आई?'

आपण आईला सोडून देतो आहोत का? आईची आशा टाकतो आहोत का? की आईवरचा आपला विश्वासच संपला? त्या प्रश्नाचे मराठी मला चटकन करता येईना, मग उत्तर कोठून देणार? 'उद्या बोलू, बाळ,' एवढे म्हणून मी फोन ठेवला. त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून, आयुष्यभर शिकविलेल्या त्या क्रियापदाचा मी प्रथमच खरा अभ्यास केला. तोच वाचकांपुढे मांडीत आहे.

प्रथम व्याकरण पाहू; कारण नीतीच्या पुष्कळशा गाठी शब्दांतच बसलेल्या असतात. साध्या क्रियापदाच्या मागे 'अप', 'इन', 'आउट' यांसारखे एखादे छोटे अव्यय जोडून इंग्रजी भाषा सर्वस्वी निराळा अर्थ निर्माण करते. 'गिव्ह' म्हणजे देणे. पण 'गिव्ह इन' म्हणजे दबावाखाली नमणे, 'गिव्ह आउट' म्हणजे शक्ती संपून बंद पडणे, आणि 'गिव्ह अप' म्हणजे सोडणे. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध कोश सिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नमूद केले की, परकीयांना इंग्रजीत सर्वांत अधिक अडचण पडते ती अशा जोडक्रियापदांची. या प्रकाराला 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र पुष्कळ पुढे, 1925 साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकामुळे रूढ झाले.

आपल्याला ही गोष्ट अगदी अपरिचित वाटावयास नको. संस्कृतात एकाच 'हृ' धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे परस्परांशी नाते न सांगणारे शब्द होतात. इतकेच नव्हे, तर वैदिक भाषेत हे उपसर्ग क्रियापदाच्या नंतरही येऊ शकत आणि त्यापासून दूरही उभे राहू शकत. पाणिनीने त्याची नोंद केलेली आहे. इंग्रजीतील 'गिव्ह इट अप' या रचनेत 'इट' मध्ये येते आणि 'अप' शेवटी जाऊन बसतो. 'गिव्ह अप इट' असे लिहिणाऱ्या कितीतरी मुलांच्या वह्या मी लाल शाईने रंगविल्या. आपल्या वैदिक पूर्वजांना मात्र अशा दूर उभ्या राहणाऱ्या शब्दाचे मुळीच नवल वाटले नसते.

या 'अप'चा मूळ अर्थ 'वर'. पण येथे तो 'पुरतेपणी', 'शेवटपर्यंत' अशी छटा देतो. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'यूज अप' म्हणजे संपवून टाकणे. आपण 'टाकणे' हे क्रियापद जोडून जे साधतो, ते इंग्रज 'अप' जोडून साधतो. म्हणजे 'गिव्ह अप'चा अक्षरशः अर्थ झाला 'पुरते देऊन टाकणे'. आणि नवल असे की, ज्या मराठी शब्दांनी आपण त्याचा अर्थ सांगतो त्या 'सोडून देणे' यातही 'देणे' आहेच! कोंकणीतही 'सोडून दिवप' असेच म्हणतात. व्याकरणकार सांगतील की, या ठिकाणी 'देणे' हे केवळ साहाय्यक आहे, त्याचा मूळ अर्थ उरलेला नाही. शास्त्रदृष्ट्या ते बरोबरच आहे. तथापि, एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या भाषांना सोडण्याची गोष्ट बोलताना देण्याचा शब्द हाताशी घ्यावासा वाटला, हे मला विचार करण्यासारखे वाटते. जर्मन भाषा तर याहून पुढे गेली आहे. तेथे 'गिव्ह अप'चा सख्खा भाऊ 'आउफगेबन' हा शब्द आहे; त्यापासून झालेल्या 'आउफगाबे' या नामाचा एक अर्थ 'सोडून देणे' असा, तर दुसरा 'नेमून दिलेले काम', 'कर्तव्य' असा! कर्तव्य आणि त्याग एकाच शब्दाच्या घरात नांदत आहेत.

आता या क्रियापदाचे व्यवहारातील अर्थ पाहा. कोडे सुटले नाही की, इंग्रज मूल म्हणते, 'आय गिव्ह अप'. म्हणजे हरलो, आता तूच सांग. गाडीत वृद्धाला जागा दिली, तर ती 'गिव्ह अप' केली. फरारी मनुष्य पोलिसांच्या स्वाधीन झाला, तर त्याने स्वतःला 'गिव्ह अप' केले. विडीकाडीचे व्यसन सुटले तरी तेच क्रियापद. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ख्रिस्ती माणूस मांस किंवा गोडधोड वर्ज्य करतो, त्यालाही तेच. गोव्यातील आपले शेजारी तो काळ पाळतात, आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत आपण चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करतो. दोहोंची जात एकच. वैद्याने रोग्याची आशा सोडली तर रोग्याला 'गिव्ह अप' केले. प्राण गेला, तर 1611 सालच्या इंग्रजी बायबलच्या भाषेत, देहाने आत्मा 'गिव्ह अप' केला. आणि अलीकडे रंगमंचावर कलावंताचे स्वागत करताना सूत्रधार प्रेक्षकांना 'गिव्ह इट अप' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ होतो 'टाळ्या वाजवा'! पराभव, सौजन्य, शरणागती, संयम, व्रत, निराशा, मृत्यू आणि गौरव, एवढा सारा पसारा या एका जोडीत मावला आहे.

आपल्या देशात तर हे क्रियापद स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. 27 मार्च 2015 रोजी केंद्र सरकारने 'गिव्ह इट अप' या नावानेच मोहीम सुरू केली. ज्यांना परवडते त्यांनी गॅसच्या टाकीवरील सवलत स्वखुशीने सोडावी, म्हणजे चुलीच्या धुरात डोळे जाळणाऱ्या गरीब घरांत गॅस पोहोचविता येईल, असे आवाहन होते. वर्षभराच्या सुमारास एक कोटीहून अधिक कुटुंबांनी ती सवलत सोडली. रक्कम प्रत्येकी लहान असेल. पण येथे एक गोष्ट स्पष्ट होती: आपण सोडतो ते कोणाकडे जाणार, हे सोडणाऱ्याला सांगितलेले होते.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. 'गिव्ह अप' करणे चांगले की वाईट? एका बाजूस प्रत्येक शाळेच्या भिंतीवर 'कधीही हार मानू नका' असे सुभाषित टांगलेले असते. दुसऱ्या बाजूस प्रत्येक मंदिराच्या सभामंडपात कीर्तनकार त्यागाचा महिमा गातात. एकच मनुष्य सकाळी शाळेत पहिले ऐकतो आणि सायंकाळी देवळात दुसरे. दोहोंना तो मान डोलावतो. पण दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हे त्याला कोणी सांगत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्या जगातीलच तीन उदाहरणे घेऊ. अर्नेस्ट शॅकल्टन दक्षिण ध्रुव गाठावयास निघाला. 9 जानेवारी 1909 रोजी तो आणि त्याचे तीन सहकारी 88 अंश 23 मिनिटे दक्षिण अक्षांशावर पोहोचले. ध्रुव अवघा 97 सागरी मैल उरला होता. तेथवर कोणीही मनुष्य पूर्वी गेलेला नव्हता. परंतु अन्नाचा हिशेब सांगत होता की, पुढे गेल्यास ध्रुव कदाचित मिळेल, परतीची वाट मात्र मिळणार नाही. शॅकल्टन मागे फिरला. चौघेही जिवंत परतले. मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत गाढव तुला अधिक आवडेल, असे मला वाटले, अशा आशयाचे काहीतरी त्याने नंतर पत्नीला सांगितले म्हणतात. जगाच्या दृष्टीने त्याने ध्रुव सोडला. पण त्याने काय राखले? आपल्या भरवशावर आलेली तीन माणसे.

दुसरे उदाहरण राजा आठव्या एडवर्डचे. 1936 सालच्या जानेवारीत तो ब्रिटनच्या गादीवर आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने ती सोडली. कारण त्याला जिच्याशी विवाह करावयाचा होता त्या घटस्फोटित स्त्रीला राणी म्हणून मान्यता मिळणे शक्य नव्हते. कोणी म्हणाले, प्रेमासाठी त्याने राज्यावर लाथ मारली, केवढा त्याग! कोणी म्हणाले, सुखासाठी कर्तव्य टाकले. दोन्ही पक्ष एकच क्रियापद वापरीत होते. परंतु एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या नजरेआड होऊ शकत नव्हती. त्याने सोडलेले ओझे हवेत तरंगत राहिले नाही. ते त्याच्या धाकट्या भावाच्या, पुढे सहावा जॉर्ज झालेल्या त्या संकोची, बोलताना अडखळणाऱ्या मनुष्याच्या खांद्यावर जाऊन पडले.

तिसरे उदाहरण न सोडण्याचे. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात 1 डिसेंबर 1955 रोजी रोझा पार्क्स ही बेचाळीस वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री बसमध्ये बसली होती. गोऱ्या उतारूसाठी जागा सोड, असे चालकाने फर्मावले. तिने नकार दिला. तिला अटक झाली, दंड झाला. आणि तिच्या त्या नकारातून 381 दिवसांचा बसबहिष्कार उभा राहिला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बसमधील वर्णभेद रद्द झाला. जागा सोडणे हे एरवी सौजन्य. तीच जागा, तेच क्रियापद. पण येथे ती सोडणे म्हणजे अन्यायाच्या हाती आपला मान देणे झाले असते. त्या दिवशी आपण शरीराने थकलो नव्हतो, थकलो होतो ते नमते घेण्याला, असे तिने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. तिचा शब्द 'गिव्ह अप' नव्हता, 'गिव्ह इन' होता. हा भेद महत्त्वाचा आहे.

'कधीही सोडू नका' हे वाक्य चर्चिलच्या नावावर सांगितले जाते. वास्तविक 29 ऑक्टोबर 1941 रोजी हॅरो येथील आपल्या जुन्या शाळेत मुलांपुढे बोलताना त्याने 'गिव्ह इन' हेच शब्द वापरले होते. शिवाय त्याने एक अपवादही जोडला होता, तो भिंतीवरच्या पाट्यांवर सहसा उतरत नाही. सन्मान आणि सद्बुद्धी यांच्या निश्चयापुढे नमावयास त्याची हरकत नव्हती. हरकत होती ती केवळ बळापुढे नमावयास. म्हणजे ज्याला लोक हट्टाचा मंत्र समजतात, त्यातही विवेकासाठी दार उघडे ठेवलेले आहे.

याहून सूक्ष्म एक प्रकार मद्यपींच्या बाबतीत दिसतो. 1935 साली अमेरिकेतील ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संस्था जन्मली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी कोणती? 'मी निश्चयाने दारू सोडीन' ही नव्हे; दारूपुढे आपण हतबल आहोत, हे कबूल करणे ही. म्हणजे व्यसन 'गिव्ह अप' करण्यापूर्वी मनुष्याने स्वतः 'गिव्ह अप' करावयाचे! अहंकार सुटल्याशिवाय बाटली सुटत नाही. एका सोडण्यातून दुसऱ्या सोडण्याचे बळ येते.

असो. येथवर आल्यावर आपल्या वाचकांना गीतेचा अठरावा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाही. अर्जुनाचा शेवटचा मोठा प्रश्न संन्यास आणि त्याग यांचे तत्त्व काय, हा आहे. गंमत अशी की, गीतेचा आरंभच एका सोडण्याने होतो. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतो. म्हणजे आधी त्याने सोडले, आणि सोडणे म्हणजे काय, हे सतरा अध्याय ऐकल्यावर विचारले. आपण सारे असेच करतो. भगवंतांनी दिलेले उत्तर त्रिविध आहे. नेमलेले कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग. देहाला कष्ट होतील या भयाने टाकणे हा राजस. आणि कर्म न टाकता त्यातील आसक्ती व फळ टाकणे हा सात्त्विक. येथे काय टाकले, यापेक्षा कशापोटी टाकले, हे पाहिले आहे. हीच पहिली कसोटी. शॅकल्टनने ध्रुव भयाने सोडला नाही, तर ध्रुवाच्या कीर्तीची आसक्ती सोडली आणि माणसे सांभाळण्याचे नेमलेले कर्म धरून ठेवले.

परंतु त्या क्रियापदातील 'देणे' मला आणखी एक कसोटी सुचविते: सोडलेले कोणाच्या हाती दिले? मराठीत एखाद्या गोष्टीवरील हक्क सोडला की, 'तिच्यावर तुळशीपत्र ठेवले' असे आपण म्हणतो. दानाच्या वस्तूवर तुळशीचे पान ठेवावयाचे आणि ती आपली राहिली नाही, असे समजावयाचे, हा त्याचा उगम. 'पाणी सोडणे' हाही दानसंकल्पाचाच शब्द. तळहातावरून उदक सोडून वस्तू दुसऱ्याला द्यावयाची. पण आज 'पैशांवर पाणी सोडले' याचा अर्थ काय? बुडाले, आशा सोडली. पाणी तेच, हात तोच; घेणारा नाहीसा झाला, आणि दानाचा शब्द निराशेचा झाला. घेणारा असेल तर सोडणे हे दान होते. घेणारा अन्यायी असेल तर ती शरणागती होते. आणि घेणारा कोणीच नसेल तर ते केवळ हातातून गळणे होते.

अर्थात या कसोटीलाही आपण पळवाट काढतोच. काशीयात्रेहून येताना आवडीचे एक फळ किंवा भाजी सोडून यावयाची जुनी चाल आहे. आमच्या आळीत एक गृहस्थ कारले सोडून आले होते! देवानेही हसून घेतले असेल. पण विचार केला तर आपल्यापैकी पुष्कळांचा त्याग कारल्याचाच असतो. जे नकोसे झाले ते देवाला, आणि जे जड झाले ते धाकट्या भावाला.

इतके सारे मनात घोळवूनही माझ्या भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळाले नव्हते. कारण त्याच्या वाक्यात आणखी एक इवलासा शब्द होता: 'ऑन'. पूर्वीच्या इंग्रजीत वैद्य रोग्याला सरळ 'गिव्ह अप' करीत. परंतु एखाद्या माणसाविषयी आज 'गिव्ह अप ऑन' म्हटले की, त्याच्यावरची श्रद्धा आणि आपलेपण संपले, तो आता आपला विषय राहिला नाही, असा अर्थ होतो. सवय, जागा, गादी, ध्रुव यांना 'गिव्ह अप' करता येते. माणसाला 'गिव्ह अप ऑन' करणे ही निराळीच गोष्ट आहे. ती तिसरी आणि शेवटची कसोटी: आपण वस्तू सोडतो आहोत की व्यक्ती?

आणि येथे मला माझे स्वतःचे पाप आठवले. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आक्काचे आणि माझे बिनसले होते. तिने आपला हिस्सा मागितला, कायद्याने तो तिचाच होता. पण मला ते सहन झाले नाही. सहा वर्षे मी तिच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवले नाही. गणपतीला ती माझी वाट पाहत असे, भाऊबीजेला ताम्हण तयार ठेवीत असे, असे मला इतरांकडून कळे, आणि मी ऐकले न ऐकलेसे करी. तिच्या हिश्शावरचा माझा हट्ट मला सोडता आला नाही. बहिणीला मात्र मी बिनदिक्कत सोडून दिले. जी वस्तू सोडावयाची ती धरली, आणि जे माणूस धरावयाचे ते सोडले. तिच्या आजारपणाची वार्ता आल्यावर मी धावलो खरा. पण त्याविषयी आमच्यात एक शब्दही झाला नव्हता. भाच्याचा प्रश्न मला झोंबला तो त्यामुळे. त्याने विचारले होते आज. माझ्या मनाला ऐकू आला तो सहा वर्षांपूर्वीचा आरोप.

सकाळी मी त्याला फोन केला. म्हणालो, 'बाळ, आपण यंत्र सोडतो आहोत, आईला नाही. जे तिला परत आणू शकत नाही ते सोडावयाचे, आणि जे तिला देता येते ते सारे द्यावयाचे: घर, माणसे, तुळशीजवळचा कोपरा, तुझा आवाज. तू ये.' तो रडला. पण मग म्हणाला, 'मामा, मी निघतो.' वेदना शमविण्याची औषधे आणि ती देण्याची पद्धत डॉक्टरांनी नीट समजावून दिली. आम्ही आक्काला घरी आणले.

ती आणखी अकरा दिवस होती. पाचव्या दिवशी मुलगा पोहोचला. त्याला तिने ओळखले. उपचार थांबले होते, सेवा थांबली नव्हती. किंबहुना सेवेला खरी सुरुवात तेव्हा झाली. रुग्णालयात आम्ही यंत्रावरचे आकडे पाहत होतो; घरी आम्ही तिचा चेहरा पाहू लागलो. कोणी म्हणेल, यंत्र लावले असते तर आणखी काही दिवस मिळाले असते. मिळालेही असते. प्रत्येक घरात, प्रत्येक रोग्याच्या बाबतीत उत्तर हेच असेल, असे मी म्हणत नाही. बरे होण्याची आशा जेथे आहे, तेथे खर्चाला किंवा कष्टाला भिऊन उपचार टाकणे हा राजस त्यागच होय. मी एवढेच म्हणतो की, निर्णय कोणताही असो, तो घेताना रोग्याचा हात आपल्या हातात असला पाहिजे.

एका सायंकाळी खोलीत आम्ही दोघेच होतो. दिवा लावून झाला होता. मी धीर करून म्हटले, 'आक्का, त्या घराच्या बाबतीत माझे चुकले.' ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे न बघताच, क्षीण आवाजात म्हणाली, 'सोडून दे रे आता ते.'

इंग्रजीत क्षमा करण्याला 'फॉरगिव्ह' म्हणतात. त्यातील 'फॉर' हे आपण नेहमी वापरतो ते 'साठी' या अर्थाचे अव्यय नव्हे. तो 'पुरतेपणी' असा अर्थ देणारा प्राचीन उपसर्ग आहे. म्हणजे 'फॉरगिव्ह' आणि 'गिव्ह अप' ही मुळात जवळजवळ जुळी भावंडे. शिक्षा करण्याचा आपला हक्क पुरता देऊन टाकणे, ती क्षमा. हे मी कितीदा तरी वर्गात सांगितले असते, पण तेव्हा ते मला सुचले नाही. आक्काला इंग्रजी येत नव्हते. तिने तेच पाच शब्दांत, आपल्या मराठीत सांगितले, आणि 'सोडून दे' म्हणत असताना ती मला काहीतरी देतच होती.